रकाना क्रमांक अकरा

शाळा सुरू होऊन तिसराच दिवस होता आणि भूगोलाच्या बाईंचं मोठ्या बाईंशी वाजलं. एरवी पहिला खटका उडायला पहिली चाचणी तरी यावी लागते. या वर्षी मात्र पाठाच्या टाचणाचा नवा नमुना आला आणि सगळंच लवकर सुरू झालं.

टाचण म्हणजे शिकवायच्या आधी, आपण काय शिकवणार हे कागदावर लिहून द्यायचं. बाईंनी तेवीस वर्षं ते एका पानावर लिहून दिलं होतं. पाठाचं नाव, नकाशा कोणता, शेवटी प्रश्न कोणते, खाली सही. नवा नमुना चार पानी होता आणि त्याला सोळा रकाने होते. पाचव्या रकान्यात पाठाची प्रस्तावना लिहायची, सहाव्यात त्या प्रस्तावनेची पूर्वतयारी लिहायची, आणि सातव्यात ही पूर्वतयारी कशाच्या आधारे केली ते लिहायचं. हे बाईंनी निमूट लिहिलं. त्या काही मुळातच भांडखोर होत्या असं नाही. निदान त्यांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं.

अडलं ते अकराव्या रकान्याशी. तिथे छापलं होतं, ‘अनपेक्षित अध्ययन निष्पत्ती’.

आता निष्पत्ती म्हणजे पाठ संपल्यावर मुलांना काय यायला हवं ते. ती अपेक्षित असते. तशी ती असावी अशी निदान आपली अपेक्षा असते. छापखान्यात कुणाचा तरी हात घसरला आणि ‘अपेक्षित’च्या डोक्यावर एक ‘अन’ येऊन बसला, हे शाळेतल्या शिपायालाही कळलं. शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले, चहा प्यायले आणि आपापल्या पेनाने तिथे जे अपेक्षित होतं ते लिहून मोकळे झाले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि रकाना परत एकदा वाचला.

त्यांचं म्हणणं असं की, तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नेमका प्रश्न विचारला आहे. वर्गात काय होईल असं आपल्याला वाटतं, हे दरवर्षी विचारतात. तसं कधी होत नाही. आणि जे होतं, ते कुणी विचारत नाही. आता विचारलंय तर उत्तर द्यायला नको का? आणि त्यांनी उत्तर दिलं. नववी ब, पाठ आंतरराष्ट्रीय वार रेषेचा, म्हणजे ओलांडली की वार बदलतो त्या रेषेचा. अकराव्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘एक मूल विचारेल की ही रेघ समुद्रावर कोणी मारली आणि पाण्याने ती पुसत कशी नाही. दुसरं मूल विचारेल की जहाजाचं पुढचं टोक रेषेच्या पलीकडे आणि मागचं अलीकडे असताना स्वयंपाक्याची सुट्टी कुठल्या वारी धरायची. तिसऱ्या बाकावरची दोघं याच वेळी डबा उघडतील.’

मोठ्या बाईंनी ते वाचलं आणि त्यांचा पारा चढला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. अंगाने लहानखुऱ्या, पण त्यांच्या खुर्चीवर दोन उशा असायच्या. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं आणि सांगितलं की हा पोरखेळ नाही. महिनाअखेर तपासनीस येणार आहेत, प्रत्येकाचं एक टाचण घेऊन त्याबरहुकूम वर्ग बघणार आहेत. ज्याचं टाचण नापास होईल त्याचा वर्ग काढून घेतला जाईल. ‘नववी ब नव्या बाईंना देईन आणि तुम्हाला साहित्य खोलीत बसवीन,’ असं त्या शांतपणे म्हणाल्या आणि वेळापत्रकावर पेन्सिलीने तसं लिहूनही ठेवलं.

साहित्य खोली म्हणजे जिन्याखालची जागा. तिथे खडूची खोकी, फुटके गोल आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. तिथे बसणारा माणूस दिवसभर खडू मोजून देतो. पण बाईंना खडूची भीती नव्हती. त्यांना नववी ब सोडायची नव्हती. हा वर्ग कुणालाच नको असायचा. गेल्या वर्षी आठवीत तो बाईंच्या गळ्यात पडला तेव्हा मुलं भिंतीकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत होती. वर्षभर बाईंनी त्यांच्याशी झगडा मांडला, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका मुलाने उठून सांगितलं की बाई, तुमचं चुकतंय. चुकलं खरं तर त्याचंच होतं. पण बाई त्या दिवशी घरी गेल्या त्या जवळजवळ गात गेल्या. असा वर्ग हातचा घालवायचा, आणि तोही छापखान्याच्या चुकीपायी? ते काही व्हायचं नव्हतं.

घरी त्यांनी हे सगळं सांगितलं. नवरा टपाल कार्यालयात होता, त्यामुळे कागदाच्या बाबतीत त्याचा शब्द घरात शेवटचा मानला जायचा. म्हणजे तो तसं मानायचा. त्याने सल्ला दिला की तोंडी काय ते बोल, लेखी विचारू नकोस. लेखी विचारलं की लेखी उत्तर येतं, आणि लेखी उत्तराचं पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. सासूबाई मटार सोलत होत्या. त्या म्हणाल्या की त्या रकान्यात ‘मोठ्या बाई हसतील’ असं लिही, त्याहून अनपेक्षित काय असणार.

शेजारच्या घरात एक निवृत्त हेडसर राहायचे. निवृत्त माणसाला भिंतीपलीकडचं फार स्पष्ट ऐकू येतं. ते दहा मिनिटांत आपली टाचणांची वही घेऊन हजर झाले. तपकिरी कागदाचं वेष्टण, वर लाल फीत. ही एकच वही आपण एकतीस वर्षं दाखवली, दरवर्षी फक्त तारीख बदलली, आणि एका वर्षी तीही बदलायला विसरलो तरी ‘उत्तम’ असा शेरा मिळाला, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. टाचण कुणी वाचत नसतं, त्याचं वजन बघतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. बाईंनी वही हातात घेऊन पाहिली. वजन चांगलं होतं. त्यांनी ती नम्रपणे परत केली आणि त्याच संध्याकाळी शिक्षण कार्यालयाला पत्र लिहिलं.

पत्र साधं होतं. रकाना क्रमांक अकरामधला मथळा बरोबर आहे की चुकीचा, चुकीचा असल्यास तो पेनाने दुरुस्त करावा काय, बरोबर असल्यास तो तसाच भरावा काय, खुलासा व्हावा. नवऱ्याने ते पत्र स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं, आणि टाकताना मान हलवली. त्याच्या अंदाजाने उत्तर यायला दीड वर्ष लागणार होतं.

उत्तर नवव्या दिवशी आलं. त्यात तीन ओळी होत्या: ‘विहित नमुन्यात कोणताही बदल अनुज्ञेय नाही. प्रत्येक रकाना छापील मथळ्याप्रमाणेच भरण्यात यावा. खाडाखोड असलेले नमुने बाद ठरतील.’ खाली सही आणि शिक्का. पत्राची एक प्रत मोठ्या बाईंना होती आणि त्यावर ‘सर्व शिक्षकांच्या निदर्शनास आणावे’ असंही होतं.

म्हणजे झालं काय, की बाईंचं बरोबर ठरलं आणि बाकीच्या सतरा जणांचं चुकलं. सतरा जणांना सोळा रकाने पुन्हा लिहायचे होते, कारण खाडाखोड चालणार नव्हती. बाई त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत शिरल्या तेव्हा गणिताचे सर उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत राहिले. बाहेर फक्त सायकली होत्या. चित्रकलेच्या बाई आपणहून रोज अर्धा लाडू द्यायच्या, त्यांनी त्या दिवशी डबा मांडीवर घेऊन खाल्ला. बाईंना हे लागलं. पण आपण चुकलो असं त्यांना एक क्षणही वाटलं नाही. विचारायला लाज कसली, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि मुद्दाम खोलीच्या मधोमध बसून चहा प्यायल्या.

रुसवा दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी खेळाचे सर हळूच जवळ आले आणि विचारू लागले की अनपेक्षित असं नेमकं काय लिहायचं असतं. पुढे ते असंही म्हणाले की आपल्या तासाला अनपेक्षित काही घडतच नाही, मुलं पळतात आणि पडतात. बाईंनी विचार केला आणि लिहून दिलं, ‘हरवलेला चेंडू सापडेल.’ सरांचे डोळे भरून आले. कारण तो चेंडू खरंच दोन वर्षं सापडत नव्हता. मग चित्रकलेच्या बाई आल्या. त्यांना बाईंनी लिहून दिलं की एका मुलाचा घोडा घोड्यासारखा दिसेल. मग रांगच लागली. मधल्या सुट्टीत, जिन्यात, एकदा तर भाजी घेताना रस्त्यावर भाषेच्या सरांनी बाईंना गाठलं. तेवीस वर्षं ज्यांनी बाईंना नकाशाची सुरळी धरायलाही मदत केली नव्हती, ते सगळे आता आपापल्या वर्गात काय होऊ शकेल हे बाईंना विचारत होते. गणिताचे सर सगळ्यात शेवटी आले. त्यांना बाईंनी लिहून दिलं, ‘एका मुलाचं उत्तर बरोबर येईल आणि फळ्यावरचं चुकेल.’ ते वाचून सर पुन्हा खिडकीपाशी गेले. पण त्यांनी लिहिलं तेच. दुसरं सुचेना.

मोठ्या बाई मात्र वाकल्या नाहीत. त्यांनी एक वेगळीच शंका काढली आणि ती खरोखर अडचणीची होती. त्या म्हणाल्या, ‘तपासनीस टाचणाप्रमाणे वर्ग बघणार. तुम्ही लिहिलेलं घडलं, तर ते अनपेक्षित राहिलं नाही. आणि घडलं नाही, तर तुमचा पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. दोन्हीकडून तुम्ही गेलात.’

 तिरीमिरीत बाई एवढंच म्हणाल्या की ते तपासनीस बघून घेतील.  पण घरी जाताना त्यांनी जिन्याखालच्या साहित्य खोलीकडे बघायचंही टाळलं.

तपासनीस आले ते शनिवारी, सकाळच्या शाळेत. उंच, वाकलेले, बगलेत फाईल. हातात जुनं चावीचं घड्याळ होतं. त्याच्या तबकडीत तारखेची बारीकशी खिडकी होती. ते दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघायचे. नंतर कळलं की त्या खुलाशाच्या पत्रावर सही त्यांचीच होती. त्यांनी टाचणांच्या गठ्ठ्यातून पहिलं उचललं, आणि नशीब बघा, ते नववी ब चंच निघालं.

इकडे मोठ्या बाईंनी दोन दिवस आधी नववी ब मध्ये जाऊन दम दिला होता. साहेब असेपर्यंत जो तोंड उघडेल त्याच्या घरी चिठ्ठी जाईल, असं सांगितलं होतं. हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्या वर्गात शिरल्या आणि बघतात तर एकेचाळीस मुलं हात बांधून ताठ बसलेली. तिसऱ्या बाकावरच्या दोघांचे डबे बंद. कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

बाईंनी प्रस्तावना केली, गोल फिरवला, रेघ दाखवली. ही रेघ कोणी आखली असं कुणी विचारलं नाही. त्यांनी जहाजाची गोष्ट सांगितली आणि स्वयंपाक्याचा उल्लेख दोनदा केला. एक मूल हललं नाही. त्यांनी शेवटी सरळच विचारलं की कुणाला काही शंका? एकेचाळीस माना एकदम नकारार्थी हलल्या. मागच्या बाकावर तपासनीस अकराव्या रकान्यावर पेन टेकवून बसले होते, आणि दाराशी मोठ्या बाई उभ्या होत्या. बाईंना दिसलं की आपला वर्ग चालला. एका वर्षाच्या खटपटीने मुलं बोलायला लागली होती, आणि आता एका दमात ती परत भिंतीसारखी झाली होती. त्यांना रडू यायला हवं होतं. आला तो संताप.

‘उठा सगळे,’ त्या म्हणाल्या. ‘चोवीस जण भिंतीला लागून गोल उभे राहा. प्रत्येक जण एक एक तास. बाकीच्यांनी बाकावर चढून बघा.’

हे टाचणात आठव्या रकान्यात होतंच, फक्त बाकावर चढणं नव्हतं. मधलं टेबल म्हणजे उत्तर ध्रुव. दाराशी सगळ्यात शेवटी एक मुलगी उभी राहिली, ती वार रेषा. ही मुलगी गेल्या वर्षापासून हजेरीच्या ‘हजर’पलीकडे एक शब्द बोलली नव्हती, म्हणून तिला कुणीतरी दारात ढकललं होतं. आता एकाने पुठ्ठ्याचं घड्याळ घेऊन पूर्वेकडे चालत निघायचं आणि दर मुलापाशी काटा एक तास पुढे करायचा. बाईंनी पुठ्ठ्याचं घड्याळ उचललं आणि त्याचे दोन्ही काटे टाचणीसकट जमिनीवर पडले. टाचणी फटीत गेली.

बाईंनी मागे वळून साहेबांकडे हात पुढे केला आणि घड्याळ मागितलं.

साहेबांनी मनगट छातीशी धरलं. घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं होतं, कुणाच्या हातात ते देत नव्हते. बाईंचा हात तसाच पुढे होता. वर्ग बघत होता. साहेब म्हणाले की घड्याळ देणार नाही, पण चालतो मीच. आणि खरोखर उठले.

ते दारातल्या मुलीपासून निघाले. प्रत्येक मुलापाशी थांबायचं, चावी ओढायची, काटा एक तास पुढे करायचा, पुढे जायचं. सातव्या मुलापाशी कुणीतरी खुदकन हसलं. बाराव्यापाशी साहेबांनीच मोठ्याने तास मोजायला सुरुवात केली. अठराव्यापासून सगळा वर्ग मोजायला लागला, बाकावरचे टाळ्या वाजवायला लागले, आणि मोठ्या बाईंनी दोनदा डोळे वटारले ते कुणी बघितले नाहीत. चोवीस झाले तेव्हा साहेब पुन्हा त्या मुलीसमोर येऊन उभे राहिले होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

‘तास तोच आहे,’ ते म्हणाले. ‘पण तारीख उद्याची झाली.’

ती दारातली मुलगी त्यांच्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, ‘साहेब, मग तुमच्याकडे एक दिवस जास्तीचा आलाय. तो इथे माझ्याकडे ठेवा आणि मग पुढे जा.’

  साहेबांनी फाईल बगलेतून काढून उत्तर ध्रुवावर ठेवली आणि कपाळाला हात लावला. ते म्हणाले की अहो बाई, म्हणजे म्हणून एक दिवस वजा करायचा. मी हे शाळेत पाठ केलं, कॉलेजात पाठ केलं, खात्याच्या परीक्षेला लिहून आलो. पूर्वेला वजा, पश्चिमेला अधिक. आता चोपन्नावं चाललंय. पण का, ते आज कळलं.

त्यानंतर जे झालं त्याला वर्ग म्हणता येणार नाही. रेघ कोणी आखली हेही कुणीतरी विचारलं, स्वयंपाक्याच्या सुट्टीवरून दोघांची जुंपली, तिसऱ्या बाकावरच्यांनी डबे उघडले. बाईंनी कुणालाच गप्प केलं नाही. आता घरी चिठ्ठ्या पाठवायच्या तर एकेचाळीस पाठवा, असं त्यांनी मोठ्या बाईंच्या डोळ्यांत बघत म्हटलं, अर्थात मनात.

मोठ्या बाईंच्या खोलीत टाचण उघडलं गेलं. मोठ्या बाईंनी आपला मुद्दा मांडला की लिहिलेलं सगळं घडलंय, तेव्हा ते अनपेक्षित नाही, रकाना चुकला. साहेबांनी विचार केला. बाईंनी विचार केला नाही. त्यांनी टाचण पुढे ओढलं, अकराव्या रकान्यात अजून दोन बोटं जागा होती, तिथे लिहिलं: ‘तपासनीसांना वार रेषा समजली.’ आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मोठ्या बाईंचा श्वास ऐकू येत होता. ‘तो मथळा छापखान्याची चूक होती,’ साहेब म्हणाले. ‘मला तेव्हाच कळलं होतं. पण सगळ्या शाळांना नमुने गेले होते. चूक म्हटली असती तर सगळे परत मागवावे लागले असते.’ त्यांनी पेन उचललं. ‘रकाना मथळ्याप्रमाणे भरला आहे.’ आणि त्यांनी सही केली, घड्याळात बघून खाली तारीख घातली.

ती तारीख दुसऱ्या दिवसाची होती. घड्याळ अजून उद्यातच होतं. हे मोठ्या बाईंच्या लक्षात आलं तेव्हा शाई वाळली होती, आणि खाडाखोड चालणार नव्हती. त्यामुळे त्या शाळेची तपासणी कार्यालयाच्या दप्तरात रविवारी झालेली आहे. वेळापत्रकावरची पेन्सिल मोठ्या बाईंनी स्वतः खोडली, जरा जोर लावून.

पुढच्या वर्षी नववी ब ची दहावी ब झाली आणि ती बाईंकडेच राहिली. शाळा सुरू होताना टाचणाचे नवे नमुने आले. सोळाचे एकोणीस रकाने झाले होते. बाईंनी आधी अकरावा बघितला. कार्यालयाने चूक दुरुस्त केली होती. तिथे आता ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘अपेक्षित अध्ययन निष्पत्ती’.

बाईंनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं, आणि काहीही न खोडता, ‘अपेक्षित’च्या आधी जी एवढीशी कोरी जागा होती तिथे बारीक अक्षरात ‘अन’ लिहिलं.